वस्तुपाठाचें मूळ : इव्हर्दाँचें खोरें आणि त्याचे साक्षीदार

'वस्तुपाठ' हा शब्द आज आपण बहुधा लक्षणेनेंच योजतों. अमक्यानें स्वार्थत्यागाचा वस्तुपाठ घालून दिला, असें लिहितांना लेखकाच्या मनांत वस्तु नसते आणि पाठहि नसतो. शब्द मुळांत शाळेंतला आहे, आणि तेथें तो इंग्रजी 'ऑब्जेक्ट लेसन' याचा तर्जुमा म्हणून आला हें उघड आहे. त्याचा माग काढीत मागें गेलें तर आपण इंग्लंडांत, एका लाकडी पेटीपाशीं येऊन पोंचतों. पेटीला खण, खणांत कांच, कातडें, स्पंज, मेण, कापूर असे पदार्थ, आणि पेटीच्या जोडीला एक छापील पुस्तक. साधनें हातीं लागलीं, आतां शोध संपला, असें म्हणून येथें थांबण्याचा मोह होतो.

प्रस्तुत लेखाचें प्रतिपाद्य असें कीं, पेटी हें या पाठाचें मूळ नव्हे. मूळ छपराबाहेर आहे. तें एका मुलाबरोबर ओढ्याच्या उतारावरून चालत जाणाऱ्या बापाच्या टिपणांत आणि पुढें स्वित्झर्लंडांतील एका अरुंद खोऱ्यांत आहे. तें नजरेआड झालें याचें कारण साधनांच्या स्वरूपांतच सांपडतें. पेटी टिकते, पुस्तक टिकतें, शिक्षणखात्याचा अहवाल तर हमखास टिकतो. वाऱ्यांत उभें राहून घेतलेला पाठ टिकत नाहीं, आणि मुलांनीं मातीचा केलेला डोंगर दुसऱ्या आठवड्यांत मोडला जातो. जुने कागद जमविणाऱ्या मंडळींस हा पेंच परिचयाचा आहे : जें जपलें गेलें त्यावरूनच, जें घडलें त्याचें चित्र काढावें लागतें. म्हणून येथें सिद्धान्तांपेक्षां साक्षीदारांचीच तपासणी अधिक केली आहे.

योहान हाइन्रिख पेस्टालॉझी याचा जन्म झुरिक येथें १२ जानेवारी १७४६ रोजीं झाला. रूसोचा 'एमील' हा ग्रंथ १७६२ सालीं निघाला तेव्हां तो सोळा वर्षांचा होता. आणि १७७० सालीं मुलगा झाला तेव्हां त्यानें रूसोच्या नांवावरूनच त्याचें नांव याकोब ठेविलें. त्या सुमारास बिर गांवाजवळ जमीन घेऊन त्यानें शेती मांडली होती. त्या वस्तीस त्यानें 'नॉयहोफ' म्हणजे नवी वाडी असें नांव दिलें. शेती बुडाली, पुढें त्याच जागीं काढलेली गरीब मुलांची शाळाहि १७८० सालीं बंद पडली. परंतु या पडत्या काळांतलाच एक कागद आपल्या विषयाचें अस्सल साधन आहे. १७७४ च्या आरंभीं, याकोब साडेतीन वर्षांचा असतांना, बापानें कांहीं दिवस त्याच्या शिक्षणाची रोजनिशी लिहिली. तिचे उतारे रोजे द गँप्स यानें १८७४ सालीं छापलेल्या पेस्टालॉझीच्या चरित्रांत मिळतात. द गँप्स हा स्वतः पेस्टालॉझीच्या शाळेंत शिकलेला होता.

त्या रोजनिशींतील एक नोंद अशी आहे. बापानें मुलाला टेंकडीच्या उतारावरून वेगानें वाहणारें पाणी दाखविलें. मुलाला आनंद झाला. बाप थोडा खालीं उतरला; मुलगा त्याच्या मागें निघाला, पण निघतांना त्यानें पाण्याला सांगितलें कीं, जरा थांब, मी लगेच येतों. खालच्या अंगाला गेल्यावर पाहतो तों तेंच पाणी तेथेंहि आलेलें! तें वरून येतें आणि आणखी खालीं जातें हें मुलानें आपण होऊन ओळखलें. मग दोघे ओढ्याच्या कडेकडेनें चालत गेले, आणि बापानें एकच वाक्य पुन्हां पुन्हां उच्चारलें : पाणी उंचावरून सखल जागीं वाहतें.

ही नोंद समकालीन आहे आणि ती छापण्यासाठीं लिहिलेली नव्हती. शिवाय पाण्याला थांबण्याची आज्ञा करणाऱ्या मुलाची समजूत तिच्यांत जशीच्या तशी उतरली आहे. उपदेशासाठीं कथा रचणारा लेखक मुलाच्या तोंडीं शहाणपण घालतो. असली भाबडी चूक तो घालीत नाहीं. आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर हें अस्सल पत्र आहे, बखर नव्हे. पाठाचा क्रमहि त्यांत स्पष्ट आहे. आधीं चालणें, मग पाहणें, मग मुलाचें स्वतःचें वाक्य, आणि सर्वांच्या शेवटीं बापाचें वाक्य. त्याच टिपणांत दुसऱ्या एके ठिकाणीं असा विचार आला आहे कीं, मुलाला डोंगरावर व दऱ्यांत न्यावें, आणि आपण बोलत असतां एखादा पक्षी गाऊं लागला किंवा पानावर किडा गुणगुणूं लागला तर बापानें तत्काळ गप्प बसावें. कारण त्या क्षणीं शिकविण्याचें काम त्या पक्ष्यानें हातीं घेतलेलें असतें. शिक्षकानें केव्हां थांबावें हें सांगणारें इतकें जुनें व इतकें नेमकें टिपण माझ्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

मात्र याच रोजनिशींत अक्षरें व अंक घोकवितांना बापलेकांत झालेली ओढाताण आणि मुलानें हट्ट केल्यावर त्याला केलेली शिक्षाहि नमूद आहे. चरित्रकारांस ती अडचणीची वाटते; मला ती साधनाची किंमत वाढविणारी वाटते. ओढ्यावरचा शांत बाप आणि पाटीपाशींचा चिडका बाप हे एकाच आठवड्यांतले एकच गृहस्थ आहेत. याकोबचें पुढील आयुष्य दुःखाचें गेलें. त्याला फेफऱ्याचा विकार जडला व १८०१ सालीं, बापाच्या हयातींतच, तो वारला.

मधल्या काळांतील श्टान्सच्या अनाथ मुलांची हकीकत प्रसिद्ध आहे, ती येथें सांगत नाहीं. १७९९ पासून बुर्गडॉर्फ येथें जी शाळा चालली तिच्याविषयीं एक साक्ष मात्र घेतली पाहिजे, कारण ती आपल्या प्रतिपादनाच्या विरुद्ध जाते. योहानेस रामसाउअर हा लहानपणीं तेथें शिकला व पुढें तेथेंच साहाय्यक झाला. त्यानें १८३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत असें लिहिलें आहे कीं, वर्गाच्या भिंतीवर जुना फाटका चितारलेला कागद होता, आणि मुलांना त्या कागदापुढें तासन् तास उभें करून त्यावरील भोंकांची व फाटक्या भागांची संख्या, आकार व जागा मोठ्यानें सांगावयास लावीत. ओढ्यापासून हें किती दूर आहे! पेटी पुढें इंग्लंडांत झाली हें खरें. पण पेटीचें बीं या भिंतीपाशीं पडलेलें दिसतें. पेस्टालॉझीच्या 'प्रत्यक्ष निरीक्षण' या तत्त्वाला दोन तोंडें होतीं, एक दाराबाहेर पाहणारें व एक भिंतीकडे पाहणारें, आणि शिष्यांनीं ज्याला जें सोईचें तें उचललें.

आतां मुख्य स्थळाकडे वळूं. न्यूशातेल सरोवराच्या दक्षिण टोंकाला इव्हर्दाँ हें गांव आहे. सव्हॉयच्या सरदारांनीं तेराव्या शतकांत बांधलेला चार गोल बुरुजांचा किल्ला तेथें आहे, आणि वायव्येस जुरा पर्वताची लांब रांग दिसते. या किल्ल्यांत पेस्टालॉझीची शाळा १८०५ च्या सुमारास स्थिर झाली व १८२५ पर्यंत चालली. सात-आठ वर्षांपासूनचीं मुलें तेथें राहून शिकत. त्यांपैकीं लुई व्ह्युलिमँ हा १७९७ त जन्मलेला मुलगा आठव्या वर्षाच्या सुमारास तेथें दाखल झाला. पुढें तो स्वित्झर्लंडचा एक नामांकित इतिहासकार झाला, आणि म्हातारपणीं, १८७१ सालीं, त्यानें नातवंडांसाठीं आपल्या आठवणी लिहिल्या.

त्या आठवणींत भूगोलाच्या पहिल्या पाठाची हकीकत आहे ती अशी. गांवाजवळच ब्यूरों नांवाचा लहानसा प्रवाह एका अरुंद खोऱ्यांतून वाहतो. मुलांना प्रथम तेथें नेलें. आधीं सगळें खोरें एका नजरेंत घ्यावयाचें, मग त्याचा एकेक भाग बारकाईनें पाहावयाचा, आणि सगळें मनांत नीट बसेपर्यंत पाहत राहावयाचें. खोऱ्याच्या एका अंगाला चिकण मातीचे थर होते. बरोबर आणलेल्या टोपल्यांत ती माती भरून घ्यावयाची. किल्ल्यांत परत आल्यावर लांब मेजांवर प्रत्येक मुलानें आपल्या वांट्याचा भाग त्या मातीचा करावयाचा. पुढल्या दिवशीं थोडें अधिक उंच चढून जावयाचें, थोडा अधिक मुलूख दिसावयाचा, आणि मेजावरचा मुलूखहि तितकाच वाढावयाचा. असें करतां करतां सगळा प्रदेश मातींत उतरला म्हणजे मग, त्यापूर्वीं नव्हे, मुलांपुढें नकाशा ठेवीत.

या हकीकतीचा एक विशेष सहज लक्षांत येत नाहीं. ज्या मातीचें खोरें बनलें तीच माती मेजावर येते. मुलाच्या नखांत अडकलेला चिखल हा नमुना नव्हे, तो त्या जागेचाच एक तुकडा आहे. ओल्या दिवशीं तो मऊ असेल, कोरड्या वाऱ्यांत त्याला भेगा पडतील, आणि पाणी डोंगर कसा कापतें हें बोटानें ओघळ ओढतांनाच कळेल. भूस्तर, पर्जन्य व नदी असे तीन विषय पुढें पुस्तकांत वेगळे झाले. त्या मेजावर ते वेगळे नव्हते.

हवापाण्याशीं तर या मुलांची गांठ रोजचीच होती. सकाळीं अंगणांत भोंकें पाडलेल्या लांब नळांतून विहिरीच्या थंड पाण्याच्या धारा सुटत आणि त्यांखालीं सर्वांनीं तोंड धुवावयाचें. थंडींतहि डोकीं उघडीं असत. त्या मुलखांत 'बीझ' नांवाचा बोंचरा वारा वाहतो. अशाच एका दिवशीं व्ह्युलिमँचा बाप भेटीस आला होता. त्याला पोराची कींव आली व त्यानें एक टोपी घेऊन दिली. टोपी घालून मूल शाळेंत शिरलें मात्र, टोपी टोपी म्हणून एकच गिल्ला झाला! कोणीं तरी ती डोक्यावरून उडविली, आणि शेंकडों हातांवरून अंगण, ओसऱ्या, माळे असा प्रवास करीत ती अखेर एका खिडकींतून किल्ल्याखालच्या नदींत पडली व सरोवराकडे वाहत गेली. वृद्ध इतिहासकार ही गोष्ट तक्रार म्हणून सांगत नाहीं, मौजेनें सांगतो.

परंतु गोडी हा पुरावा नव्हे. प्रसंग १८०५ च्या पुढील दोन-चार वर्षांतला, लेखन १८७१ चें. मध्यें साठांहून अधिक वर्षें गेलेलीं. आपल्याकडे अशा अंतरानें लिहिलेल्या मजकुरास आपण बखरीच्या पंक्तीला बसवितों, आणि स्वतंत्र आधार मिळेपर्यंत त्यावर भार टाकीत नाहीं. तोच नियम येथें लावला पाहिजे.

आधार मिळतो, आणि तो वजनदार मनुष्याचा. अर्वाचीन भूगोलशास्त्राच्या संस्थापकांत ज्याची गणना होते तो कार्ल रिटर १८०७ सालीं व पुन्हां १८०९ सालीं इव्हर्दाँ येथें गेला होता. त्याच्या प्रचंड भूवर्णनाचा पहिला भाग १८१७ त निघाला आणि १८२० पासून तो बर्लिन येथें अध्यापक होता. पेस्टालॉझीला प्राथमिक शाळेंतल्या पोराइतकाहि भूगोल येत नव्हता, तरी या शास्त्राची आपली मुख्य दृष्टि आपणांस त्याच्यापासूनच मिळाली, असा कबुलीजबाब रिटरनें दिला आहे. प्रशियाहून पद्धति शिकण्यासाठीं आलेल्या तरुणांपैकीं हेनिंग यानें १८१२ सालीं या पद्धतीनें भूगोल शिकविण्याचें मार्गदर्शक पुस्तकहि छापलें. म्हणजे व्ह्युलिमँच्या आठवणींतील पाठ हा वृद्धाचा कल्पनाविलास नव्हता. त्या घरांत भूगोलाची कांहीं तरी नवी रीत चालू होती आणि जाणत्यांच्या ती डोळ्यांत भरली होती.

यानंतर उलट साक्ष. फ्रीड्रिख फ्रोबेल हा १८०५ त थोडे दिवस आणि पुढें १८०८ ते १८१० अशीं दोन वर्षें इव्हर्दाँ येथें होता. पुढें लिहिलेल्या आत्मचरित्रपर पत्रांत त्यानें तेथील शिक्षणाचे दोष दाखविले आहेत, आणि त्यांत भूगोलावरच एक टीका आहे : आरंभ समुद्रतळापासून करीत, ज्याचा मुलाला कसलाच अनुभव नसतो! एक साक्षीदार म्हणतो, आरंभ गांवच्या ओढ्यापासून. दुसरा म्हणतो, समुद्राच्या तळापासून. दोघेहि तेथें राहिलेले, दोघेहि प्रामाणिक.

माझ्या मतें दोघेहि खरें सांगतात. व्ह्युलिमँ आठ-दहा वर्षांच्या मुलांचा पहिला पाठ सांगतो; फ्रोबेल तरुण शिक्षक म्हणून शास्त्राची मांडणी तपासतो. त्या शाळेंत बरेच शिक्षक होते व त्यांचीं आपसांत भांडणेंहि होतीं. 'पेस्टालॉझीची पद्धति' म्हणून जें सांगतात तें प्रत्यक्षांत ज्या त्या शिक्षकाच्या हातीं होतें. ओढ्यावर जाणारा शिक्षक एक, आणि पृथ्वीचें वर्णन तळापासून शिखरापर्यंत क्रमानें लावणारा दुसरा. यावरून निघतें तें इतकेंच कीं, खुल्या हवेंतला पाठ ही त्या संस्थेची एकमेव रीत नव्हती. शेजारीं पुस्तकी रीतहि नांदत होती. पाठाचें मूळ खोऱ्यांत होतें या विधानास त्यामुळें बाध येत नाहीं. मर्यादा मात्र पडते.

फ्रोबेलचें स्वतःचें वळण या संदर्भांत फार बोधक आहे. तो थुरिंजियाच्या डोंगराळ मुलखांतला, लहानपणीं आई गेलेला, आणि पंधराव्या वर्षीं एका वनाधिकाऱ्याच्या हाताखालीं उमेदवारी केलेला. इव्हर्दाँ सोडल्यावर त्यानें गटिंगेन व बर्लिन येथें शास्त्रें अभ्यासिलीं, नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत स्वयंसैनिक म्हणून गेला, आणि परत आल्यावर १८१४ पासून बर्लिनच्या खनिजसंग्रहालयांत ख्रिस्टियान वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाचा साहाय्यक झाला. दोन वर्षें तो बंद खोलींत स्फटिक निवडीत व मांडीत बसे. मुलांसाठीं पुढें त्यानें जे लांकडी गोल, घन, वृत्तचिति व आठ तुकड्यांत फुटणारे घन तयार केले, त्यांत या स्फटिकांची छाया अनेकांनीं ओळखली आहे. धोंड्याकडून आकाराकडे, आणि आकाराकडून खेळण्याकडे असा हा प्रवास झाला. डोंगर त्यांतून गळाला, असें कोणी म्हणेल तर तें अगदींच खोटें नाहीं.

पण बागेच्या बाबतींत फ्रोबेल दाराबाहेरच राहिला. ब्लांकेनबुर्ग येथें १८३७ त काढलेल्या त्याच्या संस्थेला १८४० सालीं त्यानें 'किंडरगार्टन' हें नांव दिलें तें केवळ उपमा म्हणून नव्हे. तेथें मुलामुलाला लहानसा वाफा नेमून देत व भोंवतीं सर्वांची सामाईक लागवड असे. ऋतु मुलाला कळे तो आपल्या वाफ्यांतल्या वाटाण्यावरून. १८४४ च्या त्याच्या आईमुलांच्या गीतांच्या ग्रंथांत वाऱ्याची दिशा दाखविणाऱ्या कोंबड्याचा खेळ आहे : आईनें हात उभा धरून वाऱ्याबरोबर फिरवावयाचा आणि अजून बोलतां न येणाऱ्या पोरानें तसाच आपला हात फिरवावयाचा. हवेचें याहून लहान वयाला दिलेलें शिक्षण दुसरें कोणतें असेल? १८५१ सालीं प्रशियाच्या सरकारनें या शाळांवर बंदी घातली व ती १८६० पर्यंत राहिली, हें तर प्रसिद्धच आहे.

पेटीचा जन्म या दोन्ही धारांहून वेगळ्या ठिकाणीं झाला. चार्ल्स मेयो हा इंग्रज धर्मोपदेशक १८१९ ते १८२२ पर्यंत इव्हर्दाँ येथें होता. मायदेशीं परतल्यावर त्यानें शाळा काढली, ती पुढें चीम या गांवीं नेली, आणि तेथें त्याची बहीण एलिझाबेथ हिनें घेतलेले पाठ १८३० च्या सुमारास 'वस्तूंवरील पाठ' अशा अर्थाच्या नांवानें पुस्तकरूपानें निघाले. पहिला पाठ कांचेवर. कांच पारदर्शक आहे, कठिण आहे, ठिसूळ आहे, हे गुण मुलांनीं ओळखावयाचे व ते शब्द फळ्यावर लिहावयाचे. एलिझाबेथ मेयोबाई बुद्धिमान होत्या आणि त्यांच्या स्वतःच्या वर्गांत हा पाठ जिवंत असला पाहिजे. पुस्तक मात्र आवृत्तीमागून आवृत्ति निघत सर्वत्र पसरलें, आणि ज्यांनीं इव्हर्दाँ पाहिलें नव्हतें, चीमहि पाहिलें नव्हतें, अशा शिक्षकांनीं तें पाठ केलें. लंडनमध्यें १८३६ त निघालेल्या शिशुशाळांच्या संस्थेनें हा प्रकार शिक्षकांच्या तयारींत आणला, आणि १८६० नंतर अमेरिकेंत ऑस्वेगो येथें एडवर्ड शेल्डन यानें तेथूनच साहित्य व शिक्षिका मागवून घेतली. तोंपर्यंत कारकुनी पुरी झाली होती. १८५४ सालच्या 'हार्ड टाइम्स' या कादंबरींत डिकन्सनें घोड्यांत वाढलेल्या मुलीला घोड्याची व्याख्या येत नाहीं आणि घोड्याशीं संबंध नसलेला मुलगा ती घडाघडा म्हणतो असें दाखविलें, तें याच कारकुनीवर.

पेटींत काय राहिलें नाहीं? ऋतु राहिला नाहीं. खणांतला दगड जूनमध्यें व डिसेंबरांत सारखाच असतो. तो कोणत्या कड्यावरून सुटला, पावसानें त्याच्यावर काय केलें, त्याच्या खालीं कोणता थर होता, हें विचारण्यास पेटींत जागा नाहीं. कांचपात्रांतलें पाणी उतारावरून वाहत नाहीं. याकोबनें ज्या पाण्याला थांबण्यास सांगितलें तें पाणी येथें खरोखरच थांबलें!

इंग्रजी अमदानींत शिक्षणखात्याबरोबर हा पाठ आपल्याकडे आला तो मुख्यतः या पुस्तकी रूपानें. त्यापूर्वींच्या आपल्या पंतोजींच्या शाळेंत धुळाक्षरें, उजळणी, पावकी-निमकी, मोडीचें वाचन असा क्रम होता. हवा व धोंडे यांना त्यांत स्थान नव्हतें. त्यांचें शिक्षण गांवकुसाबाहेर, गुरांमागें व बांधावर होई. जूनच्या ७-८ तारखेस सूर्य मृगांत येतो, तेथून तेरा-चौदा दिवसांचें एकेक नक्षत्र मोजीत पोर पाऊस ओळखावयास शिके : पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा, हस्ताचा तो हत्तीचा. पंचांगवाले नक्षत्राला बेडूक, मोर, गाढव, म्हैस असें वाहन लावीत आणि पोरें तें तोंडपाठ करून खरें होतें कीं नाहीं पाहत. आश्विनांत मुली पाटावर हत्ती मांडून त्याभोंवतीं फेर धरीत, तो हादगा किंवा भोंडला या हस्ताच्या पावसाशींच जोडलेला आहे. भूमीचीहि ओळख अशीच होई. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढर. मुरूम कोठें लागतो, गारगोटी कोठें सांपडते, विहिरीला काळा फत्तर किती हातांवर लागेल, हें गुराख्याच्या पोराला ठाऊक असे. पांढरीच्या टेंकाडावर पाऊस पडून गेल्यावर खापरें उघडीं पडतात, हें आपल्यापैकीं किती संशोधकांना प्रथम अशा पोरांनींच दाखविलें असेल!

तथापि यावरून, पेस्टालॉझीचें सारें आमच्यापाशीं आधींच होतें, असें म्हणणें हा फसवा अभिमान होय. इव्हर्दाँच्या पाठांत खोऱ्यांतून परत येऊन तें मातींत उतरवणें होतें, आणि मातींतून नकाशापर्यंत जाणें होतें. आपल्याकडे या दोन टोंकांमध्यें जातीची व धंद्याची भिंत उभी होती. ज्याच्या हातांत धूळपाटी होती त्याला बहुधा मुरूम ठाऊक नव्हता. ज्याला मुरूम ठाऊक होता त्याच्या हातीं धूळपाटी कोणीं दिली नाहीं. म्हणूनच या ज्ञानाचें दफ्तर नाहीं.

ही भिंत जेथें हेतुपुरस्सर फोडली गेली असें एक स्थळ महाराष्ट्रांत आहे. गिजुभाई बधेका यांनीं भावनगर येथें १९२० सालीं बालमंदिर काढलें. ताराबाई मोडक १९२३ त त्यांना जाऊन मिळाल्या. शहरांतील बालशिक्षणाचा दीर्घ अनुभव घेतल्यावर ताराबाईंनीं १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांत (तो भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहे) समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं ग्रामबालशिक्षणाचें काम सुरू केलें व अनुताई वाघ तेथें त्यांच्याबरोबर आल्या. माँटेसरीचीं महागडीं साधनें गांवाला परवडणारीं नव्हतीं. त्यांच्या जागीं शिंपले, बिया, खडे, पानें आलीं. पेटींतली वस्तु पुन्हां आपल्या जागेवर आली, ती अशी गरजेपोटीं. पुढें हें काम जवळच्या कोसबाडच्या टेंकडीवर गेलें. तेथील वारली मुलें शाळेंत येत ना, कारण लहानांना सांभाळणें व गुरें चारणें हें त्यांचें काम होतें. तेव्हां शाळाच पाड्याच्या अंगणांत गेली, ती अंगणवाडी. आणि गुरांमागें कुरणांत गेली, ती कुरणशाळा. गुरें चरत असतां पोरें शिकत. ढग, वारा, गवत, धोंडा यांविषयीं त्या पोरांना शिक्षिकेपेक्षां अधिक ठाऊक असणें स्वाभाविकच होतें. शिक्षिकेनें न्यावयाची होती ती पाटी. ब्यूरोंच्या खोऱ्यांत मुलें शाळेंतून रानांत गेलीं, कोसबाडला शाळा रानांतल्या मुलांकडे गेली. अनुक्रम उलटा, पण पाटी व मुरूम यांची गांठ दोन्हीकडे पडली.

ताराबाई १९७३ त व अनुताई १९९२ त वारल्या. दोघींचें छापील लेखन उपलब्ध आहे, पण व्ह्युलिमँच्या आठवणींना लावलेली कसोटी त्यालाहि लागू पडते. त्या त्या दिवसाच्या टिपणाची जागा तें घेऊं शकत नाहीं. आपल्या वाचकांपैकीं अनेकांच्या संग्रहीं दफ्तरांच्या रुमालांतून जुन्या शाळामास्तरांच्या वह्याहि येतात आणि बखरी व सनदा यांच्या मानानें त्या बाजूला पडतात. त्यांत पाठाचीं टांचणें, शाळेची रोजनिशी, सहलीची नोंद, पावसाचें माप, किंवा घरच्या पंचांगाच्या समासांत त्या त्या नक्षत्राला पडलेल्या पावसाविषयीं केलेली नोंद असेल तर ती रद्दी समजूं नये. विशेषतः दाराबाहेर घेतलेल्या पाठाची तारीखवार नोंद कोणाच्या पाहण्यांत आली असल्यास वहीचें सालठिकाण, हात कोणाचा आहे, आणि नोंद त्याच दिवशींची कीं मागाहूनची, एवढें कळवावें. नक्कल पुढील अंकीं छापतां येईल.